ऑपरेशनच्या भुलीतच डिप्रेशनचं औषध देता येईल का?

प्रश्न असा आहे: "माझ्या धाकट्या बहिणीचं पुढच्या महिन्यात गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन ठरलंय. तिला सात वर्षांपासून डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत, पण म्हणावा तसा फरक नाही. भूल देताना केटामिन नावाचं औषध सोडलं तर डिप्रेशन एका दिवसात कमी होतं, अमेरिकेत यावर चाचणी झालीय, असं वाचलं. भूल तर द्यायचीच आहे, मग भुलीच्या डॉक्टरांना हे औषध वापरायला सांगू का? आणि तिच्या गोळ्यांचं सासरी कुणाला माहीत नाही. भुलीच्या डॉक्टरांना ते सांगणं गरजेचं आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे: हो, सांगायलाच हवं. ते कसं सांगायचं हे पुढे लिहितो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे नाही. डिप्रेशन जावं म्हणून ऑपरेशनच्या भुलीत केटामिन मागू नका. पण ते "नाही" नीट समजून घ्यायला हवं, कारण तुम्ही वाचलेली चाचणी खरी आहे, चांगली आहे, आणि तिच्यातून निघालेली गोष्ट "औषध चालतं" किंवा "औषध चालत नाही" एवढ्यात संपत नाही.

मी सत्तावीस वर्षं भूल देतोय. त्यातली पहिली काही वर्षं ग्रामीण रुग्णालयात गेली आणि तिथे केटामिन हा माझा उजवा हात होता. ऑक्सिजनचं सिलिंडर संपत आलंय, वीज जातेय, मदतीला एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय, अशा ठिकाणी ज्यांनी भूल दिली आहे त्यांना विचारा. बाकीची बहुतेक औषधं पेशंटचा श्वास मंदावतात, बीपी खाली आणतात. केटामिनमध्ये श्वास सहसा चालू राहतो आणि बीपी उलट थोडं वर जातं. म्हणून अपघाताचा, रक्त गेलेला पेशंट आला की हात आपोआप त्या कुपीकडे जायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५पासून आहे, आणि ते का आहे हे तालुक्याच्या गावी एक रात्र काढली की कळतं.

त्या दिवसांतली एक बाई मला अजून आठवते. स्टोव्हच्या भडक्यात दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. एक दिवसाआड ड्रेसिंग असायचं, आणि जुनी पट्टी सोडवताना होणाऱ्या वेदना साध्या इंजेक्शनने आवरत नाहीत. मी तिला केटामिन द्यायचो. मिनिटभरात नजर थिजायची, डोळे उघडेच राहायचे, बुबुळं बाजूला हळूहळू सरकून परत यायची. हाताची कातडी सोलत असताना ती शांत. एकदा भूल उतरल्यावर ती म्हणाली, "मी वर पत्र्याला टेकले होते, खाली कुणीतरी कुणाचे तरी हात धुत होतं." केटामिन काय करतं याचं याहून नेमकं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. बाकीची औषधं झोपवतात. हे औषध माणसाला त्याच्या शरीरापासून वेगळं काढून ठेवतं. चाचणीच्या गोष्टीत हा मुद्दा पुढे लागणार आहे.

हे औषध १९६२मध्ये अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने पार्क-डेव्हिस कंपनीसाठी तयार केलं. १९६४मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंथर कोर्सन यांनी ते मिशिगनच्या तुरुंगातल्या कैद्यांवर पहिल्यांदा वापरून पाहिलं. तेव्हा संशोधनाचे नियम आजच्यासारखे नव्हते. या भुलीला "वेगळं पाडणारी" अशा अर्थाचं जे इंग्रजी नाव आहे, डिसोसिएटिव्ह, ते डॉमिनोंच्या पत्नीने सुचवलेलं. १९७०मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते भरपूर वापरलं गेलं.

मनाच्या आजाराशी त्याचा संबंध बराच उशिरा जोडला गेला. २०००मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी डिप्रेशनच्या अवघ्या सात रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. भुलीसाठी शिरेतून आम्ही किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम एका दमात देतो. त्यांनी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, तोही ४० मिनिटांत, थेंबाथेंबाने दिला. साठ किलोच्या माणसाला एकूण ३० मिलिग्रॅम. एवढ्यात माणूस झोपत नाही, फक्त तरंगल्यासारखा होतो. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या रुग्णांचं डिप्रेशन उतरलेलं दिसलं. २००६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झाराते यांच्या गटाने, आधीची औषधं लागू न पडलेल्या रुग्णांवर हाच डोस वापरला. एका दिवसात ७१ टक्के रुग्णांमध्ये लक्षणं निम्म्याहून कमी झाली. आठवड्यानंतरही ३५ टक्के रुग्णांमध्ये तो परिणाम टिकून होता.

तुमची बहीण सात वर्षं गोळ्या घेतेय, म्हणजे तुम्हाला या आकड्यांचं वजन मी सांगायला नको. नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला तीन-चार, कधी सहा आठवडे लागतात. मरणाचे विचार घोळवत बसलेल्या माणसाला सहा आठवडे थांब म्हणणं किती अवघड असतं! एका दिवसात फरक पाडणारं औषध सापडलं तर मानसोपचारतज्ज्ञ त्यावर झडप घालणारच. २०१९मध्ये केटामिनचाच एक भाऊबंद, एसकेटामिन, नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात अमेरिकेत मंजूर झाला.

अडचण मात्र पहिल्यापासून होती. औषध खरंच काम करतं की नाही हे बघायला काही रुग्णांना औषध देतात आणि काहींना नुसतं सलाईन. कोणाला काय मिळालं हे कोणालाच कळू द्यायचं नसतं, कारण औषध मिळालं या भावनेनेही माणसाला बरं वाटतं. पण आत्ताच सांगितलेली ती बाई आठवा. केटामिन मिळालेल्या माणसाला ते कळणार नाही, हे कसं शक्य आहे? खोलीच्या भिंती लांब जातात, आवाज पाण्यातून आल्यासारखे येतात, हातपाय आपले वाटत नाहीत. शेजारच्या खाटेवर सलाईन घेणारा माणूस ४० मिनिटं छताकडे बघत पडून असतो. दोघांनाही आपल्याला काय मिळालं ते पहिल्या दहा मिनिटांत समजतं. बाजूला बसलेल्या डॉक्टरांनाही समजतं. एकाची आशा वाढते. दुसरा, जो बहुधा सगळे उपाय करून थकून इथवर आलेला असतो, तो मनातून खचतो. मग तिसऱ्या दिवशी दोघांच्या गुणांत जो फरक दिसतो त्यातला औषधाचा किती आणि आशा-निराशेचा किती, हे कसं वेगळं काढायचं?

यावर उपाय करून पाहिले गेले. सलाईनऐवजी मिडाझोलाम द्यायचं, म्हणजे त्या गटालाही थोडी गुंगी येईल. २०१३मध्ये ७३ रुग्णांवर असा अभ्यास झाला. एका दिवसानंतर केटामिनच्या गटात ६४ टक्के सुधारले आणि मिडाझोलामच्या गटात २८ टक्के. फरक मोठाच आहे. पण मिडाझोलामची गुंगी आणि केटामिनचं तरंगणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दोन्ही औषधं मी हजारो वेळा दिली आहेत, आणि पेशंट त्या दोन्हींतून बाहेर येताना काय बोलतात ते मला माहीत आहे. त्यांची गल्लत होत नाही.

आशा-निराशेचा हा मुद्दा किती खरा आहे हे एका वेगळ्याच अभ्यासात दिसतं. २०२३मध्ये केटामिनची तुलना थेट शॉक ट्रीटमेंटशी केली गेली. ४०३ रुग्णांची विभागणी झाली. कोणाला काय मिळणार हे उघडच होतं, ते लपवणं शक्यही नव्हतं. उपचार सुरू व्हायच्या आधीच ३८ जण बाहेर पडले आणि त्यातले ३३ शॉकच्या गटातले होते. निकालात केटामिनच्या गटात ५५.४ टक्के रुग्ण सुधारले आणि शॉकच्या गटात ४१.२ टक्के. शॉकच्या वेळी छोटी भूल आम्हीच देतो, त्यामुळे या उपचाराने उठून बसलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. ४१ हा आकडा मला कमी वाटतो. नको असलेला उपचार वाट्याला आला ही भावना त्यात कुठेतरी असावी, असं माझं मत आहे.

आता तुम्ही वाचलेली चाचणी. ती स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. बोरिस हायफेट्स हे स्वतः भूलतज्ज्ञ आहेत. ते, त्यांच्या सहकारी थेरेसा ली, आणि डिप्रेशनवर आयुष्यभर काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ ॲलन शॅट्झबर्ग यांनी वरच्या अडचणीवर एक सरळ तोड काढली. पेशंट जागाच नसेल तर त्याला काय कळणार?

त्यांनी मध्यम ते तीव्र डिप्रेशनचे ४० रुग्ण निवडले, ज्यांचं काही ना काही ऑपरेशन ठरलेलंच होतं. इथे बारकाईने बघा. डिप्रेशन घालवायला कोणाचं ऑपरेशन केलेलं नाही. ऑपरेशन होणारच होतं, भूल मिळणारच होती, तिचा पडद्यासारखा वापर केला. नेहमीची पूर्ण भूल दिल्यावर, पेशंट गाढ झोपेत असताना, चिठ्ठी टाकावी तसं ठरवून काहींना किलोमागे अर्धा मिलिग्रॅम केटामिन आणि बाकीच्यांना नुसतं सलाईन दिलं. रुग्णाला ठाऊक नाही, संशोधकांना ठाऊक नाही, आणि रुग्णाची थेट काळजी घेणाऱ्यांनाही नाही. नंतर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी डिप्रेशनची तीव्रता मोजली. त्यासाठी माँटगोमेरी-आस्बर्ग ही मापनश्रेणी वापरतात. उदासी, झोप, भूक, एकाग्रता, मरणाचे विचार असे दहा मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण, एकूण साठ. गुण जास्त म्हणजे आजार जास्त.

ज्या गटाला केटामिन मिळालं त्यातल्या ६० टक्के रुग्णांमध्ये लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. यापूर्वीच्या अभ्यासांमध्ये केटामिनने साधारण एवढंच होत आलं आहे, म्हणजे औषधाने भुलीतही पूर्वीइतकंच काम केलं असं वाटावं. पण ज्यांना नुसतं सलाईन मिळालं त्यांच्यातही ५० टक्के लोक तेवढेच सुधारले. सरासरी गुणांमध्ये केटामिनच्या बाजूने ५.८२चा फरक होता, पण एवढ्या थोड्या रुग्णांमध्ये तो योगायोगानेही येऊ शकतो. संख्याशास्त्राच्या हिशोबाने केटामिन सलाईनपेक्षा सरस आहे असं म्हणता आलं नाही.

शेवटी रुग्णांना विचारलं की तुम्हाला काय मिळालं असेल असं वाटतं? बरोबर ओळखणारे निघाले ३६.८ टक्के. डोळे झाकून नाणं उडवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. म्हणजे पडदा खरंच घट्ट होता, इतकी वर्षं कोणाला जमलं नव्हतं ते इथे जमलं. आणि मला सगळ्यांत मोलाची वाटते ती यापुढची गोष्ट. रुग्णांचे अंदाज त्यांना प्रत्यक्षात काय मिळालं याच्याशी जुळत नव्हते, त्यांना किती बरं वाटलं याच्याशी जुळत होते. ज्याला बरं वाटलं तो म्हणाला, मला केटामिनच मिळालं असणार.

"म्हणजे सगळा मनाचा खेळ!" असं यावर म्हणू नका. डिप्रेशनच्या माणसाला हे वाक्य आयुष्यभर ऐकवलेलं असतं, त्यात आणखी भर नको. सलाईनवाल्या गटातल्या निम्म्या लोकांचे गुण निम्म्याने उतरले, ते खोटं नव्हतं. त्यांची झोप सुधारली असेल, भूक लागली असेल, मरणाचा विचार मागे पडला असेल. ते घडलंच. ते कशामुळे घडलं एवढाच प्रश्न आहे. माझ्या समजुतीने त्याची तीन-चार कारणं असू शकतात.

एक म्हणजे उमेद. महिनोन्महिने कुठल्या उपायाचा गुण न आलेल्या माणसाला कोणीतरी सांगतं की नवीन औषधाची चाचणी आहे, ते कदाचित तुला मिळेल. दुसरं, लक्ष. ऑपरेशनआधी मुलाखत, नंतर रोज कोणीतरी बसून विचारतंय की काल झोप कशी लागली, आज मन कसं आहे. आपल्याकडे सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसिंग बघतात, लघवी किती झाली विचारतात, गॅस पास झाला का विचारतात. मन कसं आहे हे विचारणारा माणूस मी सत्तावीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला. तिसरं, ज्या दुखण्यासाठी ऑपरेशन झालं ते दुखणंच गेलं तर मनावरचं ओझं उतरतं. सर्वांच्या बाबतीत हे तीन दिवसांत होणार नाही, पण काहींच्या बाबतीत होईल.

चौथं कारण भूलतज्ज्ञ म्हणून मला सोडवत नाही. दोन्ही गटांना भूल मिळाली होती, आणि भुलीची औषधं मेंदूवरच काम करतात. खुद्द भुलीचाच डिप्रेशनवर काही परिणाम असू शकतो का? १९८०च्या दशकात व्हिएन्नात आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूने खोल झोपवून डिप्रेशन उतरवण्याचे प्रयत्न झाले होते. २०२१मध्ये नायट्रस ऑक्साइड, ज्याला लोक हसवणारा वायू म्हणून ओळखतात, तो तासभर हुंगवून केलेल्या छोट्या अभ्यासात फायदा दिसला. म्हणजे शंका हवेतली नाही. उलटी शंकाही घेता येते: एरवी जागेपणी चालणारा केटामिनचा परिणाम भुलीच्या दुसऱ्या औषधांनी दाबला गेला असेल का? किंवा शरीरापासून वेगळं झाल्याचा तो अनुभवच उपचाराचा भाग असेल, आणि गाढ झोपेत तो अनुभवच न आल्यामुळे परिणाम कमी पडला असेल? एका चाचणीने हे सुटत नाही. शिवाय रुग्ण ४०च. त्या ५.८२ गुणांच्या फरकामागे खरा फरक शून्याच्या आसपासचा असू शकतो, किंवा १३ गुणांइतका मोठाही असू शकतो, असंच त्यांचं स्वतःचं गणित सांगतं. म्हणून "स्टॅनफर्डने केटामिन खोटं पाडलं" हे वाक्य मी स्वीकारत नाही. त्यांनी एवढं दाखवलं की आत्तापर्यंत आपण केटामिनच्या खात्यावर जे जमा करत होतो त्यातला बराच भाग आशेचा आणि काळजी घेण्याचा असू शकतो. ही गोष्ट लहान नाही.

ऑपरेशन किंवा बाळंतपणाच्या वेळी दिलेल्या केटामिनचे आणखी दोन अभ्यास तुमच्या प्रश्नाशी संबंधित आहेत, आणि ते दोन दिशांना ओढतात.

२०१७मध्ये साठीच्या पुढच्या ६७२ रुग्णांना मोठ्या ऑपरेशनमध्ये केटामिन किंवा सलाईन दिलं गेलं. मुख्य प्रश्न होता की म्हातारपणी ऑपरेशननंतर होणारा भ्रम, बरळणं, ते केटामिनने टळतं का. टळलं नाही. वर केटामिन मिळालेल्यांना भास आणि वाईट स्वप्नं जास्त पडली. हे वाचून मला नवल वाटलं नाही. केटामिनची भूल उतरताना घाबरून उठलेली, "कुठंय मी, कुठंय मी" करत सिस्टरचा हात घट्ट धरून ठेवणारी माणसं प्रत्येक भूलतज्ज्ञाने पाहिलेली असतात. म्हणून तर आम्ही सोबत मिडाझोलाम देतो आणि पेशंट उठेपर्यंत आसपास गलका होऊ देत नाही.

दुसरा अभ्यास २०२४चा, चीनमधल्या पाच रुग्णालयांतला. गरोदरपणातच उदासीची लक्षणं असलेल्या ३६१ बायका. बाळंतपण झाल्यावर, नाळेला चिमटा लावून झाल्यावर, निम्म्यांना किलोमागे ०.२ मिलिग्रॅम एसकेटामिन ४० मिनिटांत दिलं आणि निम्म्यांना सलाईन. बेचाळीस दिवसांनी तपासलं तेव्हा औषध मिळालेल्यांपैकी ६.७ टक्के बायकांना पूर्ण डिप्रेशन झालं होतं आणि सलाईनवाल्यांपैकी २५.४ टक्के बायकांना. हा निकाल खूप चांगला आहे, बाळंतिणीच्या मनाकडे जितकं लक्ष जावं तितकं थोडंच. पण या बायका जाग्या होत्या. म्हणजे पडद्याचा तोच जुना प्रश्न इथेही उभा राहतो. आणि ही परिस्थिती तुमच्या बहिणीची नाही. सात वर्षांचं जुनं डिप्रेशन आणि बाळंतपणातली उदासी यांचे निकाल एकमेकांना चिकटवता येत नाहीत.

तर तुमच्या बहिणीकडे येऊ. मी तिचा भूलतज्ज्ञ असतो आणि तुम्ही मला केटामिन मागितलं असतं, तर मी दिलं नसतं. डिप्रेशनसाठी म्हणून तरी नाही. ज्या पद्धतीने तुम्ही ते मागत आहात, म्हणजे पूर्ण भुलीत एक डोस, नेमकी तीच पद्धत त्या चाचणीत सलाईनपेक्षा सरस ठरली नाही. गर्भपिशवीचं ऑपरेशन पोटावर छेद घेऊन असेल तर कदाचित पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन होईल, तेव्हा ती जागी असेल. मग पोट उघडलेलं, भोवती अनोळखी माणसं, आणि त्यात शरीरापासून सुटल्याचा अनुभव. आधीच खचलेल्या मनाला तो कसा वाटेल हे कोणी सांगू शकत नाही. बीपी जास्त असेल तर ते आणखी वर जाईल. आणि केटामिनने बरं वाटलं तरी ते थोड्या दिवसांचं असतं. त्या मधल्या दिवसांत पुढचा उपचार बांधून ठेवणारा मानसोपचारतज्ज्ञ लागतो. ऑपरेशन झालं की चौथ्या दिवशी मी तिच्या आयुष्यातून गेलेला असेन.

एक गोष्ट मात्र गोंधळ नको म्हणून सांगतो. ऑपरेशननंतरचं दुखणं कमी व्हावं, अफूवर्गीय इंजेक्शनं कमी लागावीत, म्हणून आम्ही थोड्या डोसात केटामिन वापरतो. तिच्या कागदावर ते नाव दिसलं तर घाबरू नका, आणि डिप्रेशनवर उपचार झाला असंही समजू नका.

खरोखर केटामिन द्यायची वेळ आलीच, तर त्याचा रस्ता वेगळा आहे. दोन वेगवेगळ्या वर्गांतल्या गोळ्या पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही फरक नाही, हे मानसोपचारतज्ज्ञाने तपासून ठरवायचं. सात वर्षं गोळ्या चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण सात वर्षं तीच एक गोळी तेवढ्याच डोसात चालू आहे का? थायरॉईड तपासलंय का? रक्त किती आहे? गर्भपिशवी काढायची वेळ आली म्हणजे बहुधा खूप अंगावर जात असणार. सात-आठ ग्रॅम हिमोग्लोबिनवर चालणाऱ्या बाईला अंथरुणातून उठवत नाही, आणि ते डिप्रेशनसारखंच दिसतं. हे सगळं पाहून झाल्यावर केटामिन ठरलं तर ते रुग्णालयात, बीपीचं आणि ऑक्सिजनचं मॉनिटर लावून, भूलतज्ज्ञ हाताशी ठेवून, काही आठवड्यांत अनेक वेळा दिलं जातं. आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये आहे, कुलपात ठेवावं लागतं, प्रत्येक कुपीची नोंद होते, कारण नशेसाठी त्याचा गैरवापर होतो आणि वारंवार घेतलं तर मूत्राशयाची कायमची हानी होऊ शकते. घरी कोणी टोचून देतो म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता गोळ्यांचं. ऑपरेशन आहे म्हणून डिप्रेशनच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हे मी किती वेळा पाहिलंय! कोणीतरी सांगतं, "भूल चढणार नाही, गोळ्या थांबव." अचानक थांबवल्या की तीन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटणं, रडू, झोप उडणं, आणि त्याच अवस्थेत माणूस ऑपरेशनला येतो. बहुतेक गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर चालतात, पण ते तिच्या भुलीच्या डॉक्टरांनी गोळी बघून सांगायचं. लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध, असेल तर ती गोष्ट वेगळी. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा काही वेदनाशामकं दिली की त्याची पातळी धोकादायक वाढते, शिवाय स्नायू सैल करायच्या आमच्या औषधांचा परिणाम लांबतो. मोठ्या ऑपरेशनआधी ते किती तास थांबवायचं हे मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात.

आणि भुलीच्या डॉक्टरांना सांगायचं का, हा तुमचा प्रश्न इथेच येतो. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून आपल्याकडे सर्रास ट्रामाडॉल दिलं जातं. डिप्रेशनच्या अनेक गोळ्यांबरोबर ते जुळत नाही. घाम, थरथर, ताप, बडबड, नाडी धावणं, अगदी झटकेसुद्धा येऊ शकतात. पेथिडिन या दुसऱ्या वेदनाशामकाचंही तसंच. काही गोळ्यांमुळे रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, त्यात वेदनाशामकांची भर पडते. हे सगळं टाळता येतं, दुसरी औषधं आहेत. फक्त आम्हाला माहीत हवं.

काही वर्षांपूर्वी एका बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. आधीच्या तपासणीत मी विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत का?" शेजारी सासूबाई उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, "नाही." दुसऱ्या दिवशी थिएटरबाहेर सिस्टर त्यांना गाऊन द्यायला लागल्या, तेव्हा साडीच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेल्या चार गोळ्या निघाल्या. रात्रीची एक, सकाळची एक, असं दोन दिवसांचं मोजून आणलेलं. त्या सिस्टरच्या कानात म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगा, पण बाहेर सांगू नका." आम्ही औषधं बदलली आणि सगळं सुरळीत झालं. पण ती गाठ सुटली नसती तर रात्री वॉर्डात त्यांना ट्रामाडॉलच लागलं असतं, ते फाईलवर लिहिलेलंच होतं.

त्या दिवसापासून मी तपासणीच्या वेळी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगतो. तुमच्या बहिणीचे डॉक्टर तसं करत नसतील तर तिने नुसतं "मला एकटीला बोलायचंय" एवढं म्हणावं, पुरेसं आहे. तेही जमलं नाही तर गोळ्यांची पाकिटं एका लिफाफ्यात घालून "भुलीच्या डॉक्टरांसाठी" असं लिहून तुम्ही स्वतः नेऊन द्या. पेशंटने सांगितलेली आजाराची गोष्ट नातेवाइकांना सांगायची नाही हे आमच्यावर बंधन आहे, आणि मानसिक आजाराच्या बाबतीत तर २०१७चा कायदाच रुग्णाला तो हक्क देतो. फाईल मात्र खाटेपाशी लटकत असते आणि कोणीही चाळतं, हे खरं आहे. म्हणून "औषधांचं नाव लिहा, आजाराचं नाव ठळक लिहू नका" अशी विनंती तिने केली तर कोणताही समजूतदार डॉक्टर ती मान्य करेल.

ऑपरेशनची तारीख पक्की झाली की तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना कळवा आणि ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांतली भेट आत्ताच घेऊन ठेवा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात रडू जास्त येऊ शकतं: दुखणं, अपुरी झोप, घरी परतल्यावर "आता काय, बाई मोकळी झाली" असले शेरे. दोन्ही बीजकोशही काढणार असतील तर हार्मोन एकदम खाली येतात आणि मनावर त्याचा परिणाम होतो. ते काढणार आहेत का, का काढणार आहेत, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच विचारा आणि डिप्रेशन आहे हे त्यांनाही सांगा. या दिवसांत कोणीतरी तिच्याजवळ रोज बसेल असं बघा, आणि टाके कसे आहेत याच्याआधी रात्र कशी गेली ते विचारा. मरणाचं बोलली तर ते ऑपरेशनचा थकवा म्हणून सोडून देऊ नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो तिच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये आजच साठवून ठेवा.